धोंडाअक्कांचा पासवर्ड

“हा डबा घरात ऱ्हाणार आसंल तर ऱ्हाऊ दे, पर माझं नाव त्याच्या आसपास काढायचं न्हाई! सांगून ठिवतो!”

“लगीन झाल्यापासनं काढलंय का कवा? मग आता त्या डब्याजवळ कशाला काढू?”

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं. मुद्दाम नाही. आमच्या दोन्ही घरांत भिंत एकच, तीही अर्ध्या विटेची. तिकडे पापड मोडला तरी इकडे कळतं. बोलणारे माझे थोरले दीर गेणबा आणि माझी जाऊ धोंडाबाई, म्हणजे साऱ्या आळीची अक्का. दिरांचं नाव मी लिहिते, पण तोंडानं घेत नाही. लिहिताना जीभ हलत नाही, तेव्हा चालतं.

डबा म्हणजे कॉम्प्युटर. आमच्या भागात, घोटावड्यात कारखाने आले, हिंजवडीला काचेच्या कंपन्या उभ्या राहिल्या, तशी अक्कानं गोठ्यामागं चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. त्यातल्या एकीत अमरावतीचा पियूष राहायचा. तापानं फणफणला होता तेव्हा अक्कानं त्याला पेज पाजली होती. सन २००१ मध्ये कंपनीनं त्याला परदेशी धाडलं, तर जाताना आपला कॉम्प्युटर तो अक्काला देऊन गेला. भावजींना वाटलं होतं, पोरगा पंखा देईल.

जायच्या आधी पियूषनं अक्काला इंग्रजी अक्षरं शिकवली आणि साऱ्या घराला मिळून एक मेल काढून दिली. मेलीला पासवर्ड लागतो. तो अक्कानं एकटीनं ठरवला. पियूषलासुद्धा भिंतीकडं तोंड करून बसवलं. तो आपला पाठमोरा बसून सांगतोय, “आजी, निदान आठ अक्षरं पाहिजेत हं,” आणि ही बोटं मोजतीय.

मला म्हणाली, “चंद्रे, तूबी शिक.” मी दुसरीतून शाळा सोडली ती काय कॉम्प्युटर शिकायला? मी नको म्हटलं.

त्यानंतर जो कुणी खोली बघायला यायचा त्याला अक्का सांगायची, “नळाला पानी सकाळचं येतं. गच्चीवर दारू न्हाई. आन खोली सोडायच्या आदी मला कॉम्प्युटरातलं एक काम शिकवून जायचं.” कुणी आगगाडीचं तिकीट शिकवून गेला, कुणी दहावीचा निकाल, कुणी मेलीला फोटो चिकटवायचं. अशी अक्का हळूहळू तयार झाली. अगदीच चुकली नाही असं नाही. पहिल्या उन्हाळ्यात डबा तापतोय म्हणून तिनं त्याच्यामागं ओलं गोणपाट टांगलं. क्षितिजा नावाची भाडेकरीण ते बघून अशी किंचाळली की मला वाटलं साप निघाला.

मग आळी तिच्याकडे लोटली. पण अक्का कुणाचं काम करून द्यायची नाही. आलेल्याला खुर्चीत बसवायची आणि आपण शेजारी पाटावर.

“पाय धुतलेस? बस. आता तो बाण हलीव. हळू! म्हशीला वळवतुयास व्हय?”

“अक्का, कायच होत न्हाई.”

“दूध ठिवल्या ठिवल्या तापतं का? फिरतंय न्हवं ते? मग गप बस. परत परत दाबू नगं, त्याचं डोस्कं फिरतं.”

“तुमीच दाबा की.”

“मी दाबलं तर उद्या परत येशील. तूच दाब.”

आमच्या आळीतल्या नथूनं दुबईच्या मेव्हण्याला नव्या कालवडीचा फोटो धाडला. सगळं स्वतःच्या हातानं केलं, घामाघूम झाला. शेवटचं बटण दाबलं आणि बसून राहिला.

“झालं की. ऊठ आता,” अक्का म्हणाली.

“गेली?”

“गेली दुबईला.”

“मंग आता परत कशी आणायची? अजून तिच्या आईचा खरवससुदिक केला न्हाई.”

भावजी या सगळ्यापासून लांब. ते घोटावड्याच्या एका कारखान्याच्या गेटवर होते. लॉऱ्यांचे नंबर वहीत उतरवून उतरवून त्यांना इंग्रजी अक्षरं येत होती, पण सात वर्षांत त्यांनी त्या डब्याला बोट लावलं नाही. त्या खोलीवरून जाताना मान दुसरीकडं. आणि अक्का पासवर्ड टाकायला लागली की पदर पसरून कीबोर्ड झाकायची आणि बाकीच्यांना भिंतीकडं वळायला लावायची. साऱ्या आळीला शाळेत शिक्षा झालीय असं वाटायचं.

२००८ साली मात्र गंमत झाली. तेव्हा ती गंमत वाटली नाही.

अक्काची नात सायली बीकॉम झाली होती आणि हिंजवडीच्या एका कंपनीत मुलाखत देऊन आली होती. तिचा बाप विठ्ठलराव, म्हणजे अक्काचा मुलगा, नोकरीला नाही म्हणत नव्हता, पण किती दिवस थांबायचं म्हणत होता. त्या आठवड्यात रिहे गावी अक्काच्या भाच्याचं लग्न होतं आणि मांडवात सायलीसाठी एक स्थळ येणार होतं. विठ्ठलरावानं लग्नाच्या दिवशी सकाळीच सांगून टाकलं, “आजपातूर नोकरीचं कळलं तर ठीक. न्हाईतर सांजच्याला सुपारी फोडायची.”

सगळं घर रिह्याला गेलं. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी मागं, आणि म्हशी होत्या म्हणून भावजी मागं. भाडेकरी कंपनीत. विठ्ठलराव आपला जुना मोबाईल माझ्याजवळ ठेवून गेला होता, तो दुपारी वाजला. सायली रडत होती.

“धाकटी आजी, कंपनीचा फोन आला होता. घेतलंय मला! पण त्यांनी मेल पाठवलीय, तिला पाचच्या आत उत्तर पाहिजे, नाहीतर दुसरीला घेणार. फोनवर ‘हो, येते’ म्हटलं तर चालत नाही म्हणे.”

“मग दे की उत्तर.”

“इथे कुठलं नेट! आणि जीप बर्फ आणायला गेलीय. क्षितिजाताईला ऑफिसात फोन करून पासवर्ड सांगू म्हटलं, तर ही आजी सांगेना!”

मागून अक्का ओरडली, “परक्या मानसाला? मेले तरी न्हाई!” मग फोन तिनंच घेतला. “चंद्रे, पाय धू आन आत जा.”

पाय धुतले, पण लाईट कुठं होती? त्या वेळचं भारनियमन तुम्हाला आठवत असेल. चारला यायची ती साडेचारला आली, आणि तोवर दर पाच मिनिटांनी फोन करून विचारणारी अक्का परत सांगायला लागली.

“खालच्या डब्याचं वाटोळं बटण दाब.”

“दाबलं. गुरगुरतंय, अक्का.”

“गुरगुरू दे. चावत न्हाई. उजाडलं का?”

“निळं झालं.”

“आता एक निळी जिलबी दिसंल, तिच्याभवती दोरा गुंडाळल्यावानी. तिच्यावर बाण ने आन दोनदा टकटक कर. दार वाजवल्यासारखं. लई जोरात नगं, कुनी झोपलं न्हाई आत.”

जिलबी उघडली, म्हणजे इंटरनेट सुरू झालं. तोवर बाण पडद्यावर नुसता फुगडी घालत होता. पण पुढं अक्षरं आली आणि माझा कारभार संपला. अक्का म्हणाली, “त्यास्नी बोलव.”

भावजी गोठ्यात धार काढत होते.

“भावजी, सायलीची नोकरी जातीय. अक्षरं दाबायला चला.”

“मी? त्या डब्याला?”

“न्हाईतर सांजच्याला सुपारी.”

त्यांनी चरवी खाली ठेवली, न सांगता पाय धुतले आणि टोपी काढून खुर्चीत बसले. म्हणजे सात वर्षं सगळं ऐकत होते तर! मेलीचं नाव मी अक्काकडून ऐकून एकेक अक्षर सांगितलं, त्यांनी ते दाबलं. मग पासवर्डाची चौकट आली.

“आता पासवर्ड, अक्का.”

फोनमध्ये नुसता बँडबाजा.

“अक्का? रेंज गेली का?”

“रेंज हाय.”

“मग? इसरलात?”

“इसरंन कशी!” मग अगदी हळू आवाज आला. “जे नाव मी घेत न्हाई ना, ते.”

मी भावजींकडं बघितलं. ते दोन बोटं उगारून बसले होते. “बोल, काय दाबू?”

“तुमचं नाव.”

“माझं नाव ठावं हाय गं तुला. दाबू काय?”

“आवो, तेच दाबायचं! तुमचंच नाव पासवर्ड हाय.”

भावजी माझ्याकडं बघतात, डब्याकडं बघतात. “ह्यात? कवापासनं?”

“पैल्या दिवसापासनं.”

एवढा पहाडासारखा माणूस, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लॉरीचा नंबर लिहावा तसं एकेक अक्षर पुटपुटत त्यांनी आपलं नाव दाबलं. लाल अक्षरं आली.

“अक्का, चूक म्हणतंय!”

“फुडं अजून हाय.”

“काय हाय?”

“मानाचं लावलंय.”

“ऐकू येत न्हाई! मोठ्यांदा!”

“मानाचं लावलंय गं! आठ अक्षरं लागत्यात म्हनला पियूष! पाचच भरली, मग काय करू? दुसरं काय न्हाई त्यात!”

हे एवढ्या मोठ्यांदा झालं की मांडवातल्या बायका गोळा झाल्या. लग्नातल्या बायकांना तेवढंच पाहिजे असतं. “मामी, नाव घ्या! आजी, नाव घ्या!” सायली रडता रडता हसायला लागली. पाच वाजायला आले होते. मी फोन सरळ भावजींच्या कानाला लावला, पण अक्काचा आवाज इतका खणखणीत आला की मलाही ऐकू आला:

“इंद्रायणीच्या लोंब्यांनी वाकला सारा भात,
गेणबारावांचं नाव घेते, लावा आता हात!”

तिकडं मांडव कोसळतोय की काय असा गलका. इकडं भावजींनी कान फोनला आणखी चिकटवला. त्यांना जन्मात कुणी राव म्हटलं नव्हतं. गेटवर तर “ए गेण्या” म्हणायचे. मला म्हणाले, “परत म्हनायला सांग. नीट ऐकू आलं न्हाई.”

“भावजी, पाच वाजत्यात!”

“बरं बरं.” आणि रावासकट सगळं दाबलं.

उघडलं! मेल वरच होती. सायली फोनवरून सांगत गेली, मी बोलत गेले, भावजी दाबत गेले. उत्तरात फक्त “येस” लिहायचं होतं. त्यांनी ते लॉरीच्या पाटीवर असतं तसं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि गेटवरच्या सवयीनं खाली सही म्हणून आपलं नाव टाकलं. रावासकट. मी म्हटलं, “आता ते बटण दाबा.” दाबलं. “गेली?” त्यांनी विचारलं. “गेली,” मी म्हटलं, जसं काही मला कळत होतं.

जरा वेळानं उत्तर आलं. भावजींना सगळं वाचता येईना, पण सुरुवातीचं वाचलं. “मिस्टर गेणबाराव” असं होतं. कंपनी त्यांचे आभार मानत होती. सायली कामावर रुजू झाली तेव्हा तिथल्या बाईनं म्हणे पहिलं हेच विचारलं, की गेणबाराव कोण?

सुपारी काही फुटली नाही. विठ्ठलरावानं आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, पोरगी कामावर चाललीय, आता तिला विचारून ठरवू. आणि जेवायला बसला.

पासवर्ड मात्र साऱ्या रिह्याला कळला होता, म्हणून अक्काला तो बदलावा लागला. नवा काय ठेवला ते तिनं कुणाला सांगितलं नाही. भावजींनी मला दोनदा आडून आडून विचारलं, “चंद्रे, आता कुनाचं ठिवलं असंल गं?” मी म्हटलं, तिलाच विचारा. त्यावर लगेच म्हशींना पाणी पाजायचं आठवायचं.

दोन वर्षांनी कंपनीनं सायलीला चेन्नईला धाडलं. एकटी पोरगी, तिकडची भाषा येत नाही, पण गेली उड्या मारत. तिचं घरी यायचं तिकीट काढायचं काम अक्काचं. सायलीला तिथून काढता येत नव्हतं असं नाही, पण तसं म्हणायची तिची टाप नव्हती.

२०१० च्या दिवाळीआधी अक्का गेली. झोपेतच. त्याच्या दोन दिवस आधी सकाळी मी तिच्याकडं गेले, तर ती कॉम्प्युटरापुढं बसून सायलीचं दिवाळीला यायचं तिकीट काढत होती. पान उघडेना. तिनं सुपात तांदूळ घेतले आणि निवडत बसली. मधेच वर बघायची, परत खडे काढायची. एकदाचं उघडलं तसं नाव, वय, तारीख घातली, परत एकदा तारीख कॅलेंडरावर बघून आली. तिकीट निघालं. मग सायलीला फोन लावला.

“खालची शीट हाय. रातच्याला पिशवी उशाला घे. तितनं काय आनू नगं, गुमान ये.”

फोन ठेवला, डबा बंद केला, त्याच्यावर कापड घातलं आणि सूप उचलून आत भात टाकायला गेली.