विरजणाचं फडकं

ऑक्टोबरच्या शेवटी आमची कंपनी उत्तरेकडच्या एका चौकीवर चढली. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नागपूरचा, पाचपावलीतला. हुद्दा लान्सनायक, काम लंगरचं, म्हणजे स्वयंपाकाचं. लंगरवाल्याला पदक मिळाल्याचं मी तरी ऐकलं नाही. जेवणाला उशीर झाला तर शिव्या मात्र पहिल्या त्यालाच.

त्या उंचीवर माणसाची भूक मरते. पोळीचा घास तोंडात फिरत राहतो, खाली उतरत नाही. डब्यातली भाजी दिसली की पोरं ताट सरकवायची. न खाणारा जवान आठ दिवसांत ड्यूटीला निकामी होतो, म्हणून सुभेदारसाहेब रोज माझ्यावर डाफरत. जणू पोरांची भूक मीच चोरून ठेवली होती.

यावर इलाज काढला नायक देवरावने. तो कन्हानचा. त्याच्या आईने मलमलची दोन स्वच्छ फडकी दह्यात बुडवून, सावलीत वाळवून त्याच्यासोबत दिली होती. त्यातलं एक त्याने वर आणलं होतं. मी पावडरचं दूध कोमट केलं, फडकं त्यात सोडलं आणि पातेलं ब्लँकेटमध्ये गुंडाळून स्टोव्हजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दही लागलं. पातळ होतं, पण दही होतं.

सुकवलेला कांदा भिजवला, दह्यात घातला, वर मीठ आणि देवरावच्या घरची जवसाची चटणी. झाली कोशिंबीर. पंजाबी पोरं तिला रायता म्हणत. सिग्नलचा एक तमिळ जवान पचडी म्हणे आणि मोहरीच्या फोडणीसाठी हटून बसे. नावावरून रोज वाद, पण ताटं रिकामी होऊ लागली. सुभेदारसाहेबांचं डाफरणं थांबलं.

फडकं एकदाच कामाचं, म्हणून नियम एकच. रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या विरजणासाठी आधी बाजूला काढायचं, मग वाढायला घ्यायचं. ते काम माझं होतं.

जानेवारीत एक गस्त बर्फात अडकली. सकाळी दहाला परतायची ती दुपारी साडेतीनला आली. अकरा जण, त्यांत देवराव. मी दह्याचं पातेलं उघडलं. पोरं मागत गेली, मी वाढत गेलो. शेवटी पातेलं खरवडून दिलं. त्यांना खाताना पाहून मला फार बरं वाटत होतं. पातेलं धुऊन पालथं घातलं आणि मग माझ्या लक्षात आलं.

देवराव हात धुवायला आला. "काहून बे गणपत, तोंड काहून उतरलं?"

"विरजण काढायचं राहिलं. सारं वाढून टाकलं."

"सारंच?"

"सारंच."

तो हसला. "पोरायच्याच पोटात गेलं ना बे. दुसरं फडकं खाली ट्रंकेत हाय. उद्या आणतो मी."

खालच्या कॅम्पवरून सामान आणायला रोज चार जण उतरत. दुसऱ्या दिवशीच्या यादीत देवराव नव्हता. पण मालकाशिवाय ट्रंक उघडायची नाही असा नियम होता, म्हणून त्याने एका जवानाशी पाळी बदलून घेतली. कशासाठी, ते फक्त मला माहीत होतं. मी त्याला अडवलं नाही. उलट "लवकर ये," म्हणालो.

चौघे सकाळी सहाला निघाले. सात पन्नासला वायरलेस बोलला.

"बर्फ खिसका है. चार थे, तीन हैं. ओव्हर."

"कौन नहीं है? ओव्हर," सुभेदारसाहेबांनी विचारलं.

"देवराव. ओव्हर."

आम्ही फावडी घेऊन उतरलो. अकरा वाजून दहा मिनिटांनी तो सापडला. श्वास नव्हता. एक वाजता मी जेवण वाढलं. त्या दिवशी कुणी काही मागितलं नाही.

मे महिन्यात मला सुट्टी मिळाली. तिसऱ्या दिवशी मी बसने कन्हानला गेलो. ड्यूटीवर असताना मृत्यू, असं घरी कळवलं होतं. ते खरंच होतं. उरलेलं सांगायला मी गेलो होतो. त्याच्या आईने माझी ओळख ऐकून घेतली आणि पुढचं काही बोलण्याआधी मला पाटावर बसवलं. ताटात पोळी, वांग्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. माझा हात पुढे होईना. मी सगळं सांगून टाकलं. पातेलं, विरजण, बदललेली पाळी, ट्रंकेतलं फडकं.

तिने हातातली वाटी खाली ठेवली.

"म्हणजे माह्याच फडक्यापायी गेला?"

मी हादरलो. माझ्या मनावरचं ओझं उतरवायला गेलो आणि ते तिच्या डोक्यावर ठेवून बसलो, हे मला तेव्हा कळलं. मला माझीच लाज वाटली.

"नाही मावशी. माह्यापायी गेला. चूक माही होती."

तिने पदराने तोंड पुसलं. "एक सांग बाबू. तार आली तवापासून मले तेच लागून राहिलं. सकाळी निघाला, तवा काही खाऊन निघाला होता का?"

"हो. दोन पोळ्या खाल्ल्या, वर चहा."

"पोटभर?"

"पोटभर."

तिने मान हलवली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "मंग आता तू जेव."

मी जेवलो. ताटात काही ठेवलं नाही.

माझ्या सगळ्या नोकरीतला तो एकच खोटा रिपोर्ट. त्या सकाळी माझी कणीक मळून व्हायची होती. "थांब, दोन पोळ्या टाकतो," असं मी म्हणालो होतो. त्याने अर्धा मग चहा घेतला आणि निघाला. त्याची आई आता राहिली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

नायक देवराव, राहणार कन्हान. उपाशी गेला.