सव्वाचार

भावोजी गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आणायला गेले होते. अमेरिकेतल्या शुगर लँडजवळच्या एका हॉस्पिटलची इमर्जन्सी, खच्चून भरलेली. पाठीतून पोटात कळ येत होती, म्हणून ताई आणि मी त्यांना घेऊन गेलो होतो. नर्सने विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" भावोजींनी नीट विचार केला आणि म्हणाले, "सव्वाचार." त्या 'सव्वा'चं तिला हसू आलं. तिने ताईला विचारलं, "ते सहन करून कमी तर सांगत नाहीत ना?" ताई म्हणाली, "नो, नो. रेटिंगच्या बाबतीत ही इज व्हेरी एक्झॅक्ट." मग आम्हाला बाहेर बसवलं. नऊ-दहा सांगणारे आत जात राहिले. समोरचा एक माणूस कण्हत होता, त्याच्याकडे बघून भावोजी पुटपुटले, "ओव्हरसेलिंग." हे त्यांचे शेवटचे शब्द. मी पाणी घेऊन आले तोवर मान कलली होती. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली होती म्हणे...

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेलकंपनीतून निवृत्त झालेले इंजिनीअर. उरलेलं आयुष्य त्यांनी जुन्या जपानी व्यावसायिक कुस्त्यांची परीक्षणं इंटरनेटवर लिहिण्यात घालवलं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत भिंतभर व्हिडिओ कॅसेट आणि मधोमध एक रिक्लायनर. मी एकदा म्हटलं, "भावोजी, ही तर ठरवून केलेली कुस्ती, त्यात काय बघायचं?" तर म्हणाले, "सुधा, निकाल ठरलेला असतो. दुखणं दाखवायचं असतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाचा गुडघा दुखला पाहिजे. त्याला सेलिंग म्हणतात." पहिल्या पाच मिनिटांत पाय मुरगळलेला पैलवान नंतर धावताना दिसला, की त्याची खैर नसे. पाच ताऱ्यांतले दोन दिले तरी पुष्कळ. असल्या परखडपणावर जगभरची पोरं फिदा होती. ती रोज थोडीच त्यांच्या घरात राहत होती!

ते बसल्या बसल्या बोलायचे आणि ताई टाइप करायची. मधूनमधून खाली जाऊन चहा आणायची. तिचे गुडघे गेलेले. एकदा दिवाळीच्या फराळाला घर भरलेलं असताना ती ट्रे घेऊन लंगडत वर आली. भावोजींनी टीव्ही थांबवला आणि सगळ्यांना म्हणाले, "बघा हं. सकाळी उजवा पाय होता, आता डावा. कंटिन्युइटी नाही. पाऊण तारा!" पाहुणे खो खो हसले. ताईही हसली, आणि कठडा धरून एकेक पायरी खाली उतरली. ऑपरेशनचा विषय निघाला, की "पाऊण ताऱ्याला कोणी सर्जरी करतं का?" हे ठरलेलं. डॉक्टरची अपॉइंटमेंट दोनदा कॅन्सल केली त्यांनी. मला तो माणूस कधीच आवडला नाही, आणि मेला म्हणून आवडायला लागला असंही नाही.

शोकसभेत ताई रडली नाही. बायका कुजबुजल्या, "धक्का बसलाय बिचारीला."

मागच्या आठवड्यात दुपारी तिच्याकडे गेले. ताई वरच्या खोलीत, त्यांच्या रिक्लायनरमध्ये, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून कुस्ती बघत होती. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, आठवण येत असेल.

"ही कुस्ती त्यांना सगळ्यात आवडायची," ती म्हणाली. "हिला सव्वाचार दिले होते. त्याच्या वर कधी कुणाला दिले नाहीत."

"अगं... पण सव्वाचार तर ते हॉस्पिटलमध्ये..."

"हो."

"नर्सने दहापैकी विचारलं होतं, ताई!"

"आणि ते पाचपैकी बोलले. आयुष्यभर दुसरं काही मोजलं होतं का त्यांनी?"

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

ताईने बर्फाची पिशवी उजव्या गुडघ्यावरून डाव्यावर सरकवली. "टाइप मीच करायचे ना गं."

हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं. "लिही," म्हणाली. पडद्यावर एक धिप्पाड पैलवान गुडघा धरून किंचाळत होता. ताईने रिमोट घेतला आणि आवाज मोठा केला.