दुसरी गाठ

परवाना मिळावा म्हणून मी एका बाईला कचेरीत उभं केलं, आणि तिच्याविषयी ठाऊक असलेली गोष्ट वकिलांपासून दडवली. चूक माझी आहे, वकिलांची नाही.

मुंबईच्या गोदीत राबणाऱ्यांचे पैसे मी कोलशेत आणि खाडीकाठच्या गावांत पोचवत असे. जो तो आपले पैसे फडक्यात घालून आपल्या पद्धतीची गाठ मारी. ती मी सोडायची नाही, अशी रीत. घरची बाई गाठ निरखून ओळखी, पैसे काढी आणि रिकाम्या फडक्याला स्वतःची गाठ मारून परत देई. नवऱ्याची पावती तीच.

पोस्टाच्या मनीऑर्डरी सुरू झाल्यावर आमच्यासारख्यांवर सरकारची नजर आली. मामलेदार कचेरीतून निरोप आला: परवाना घ्या, नाहीतर धंदा बंद. कल्याणच्या एका वकिलांनी माझ्या पावत्यांचं गाठोडं पाहिलं आणि हसून मला वाटेला लावलं. ठाण्यातल्या दुसऱ्यांनी काम घेतलं. पैसे ज्याच्या हाती पोचतात असं माणूस मामलेदार साहेबांपुढे आणा, म्हणाले.

मी मिठागरावरची एक बाई निवडली. ती स्वच्छ बोलायची. तिचा नवरा माझ्याकडे दोन गाठी देई. एक घरासाठी, ती मी तिच्या थोरल्या दिरासमोर द्यायचो. घर त्याच्या मुठीत होतं. दुसरी फक्त तिची, मिठागराच्या बांधावर गुपचूप द्यायची. त्यातून मुंबईत खोली घेऊन तिला आणि लेकीला तिकडे न्यायचं, असं नवऱ्याच्या मनात होतं. हे कुणाला कळू देणार नाही, असा शब्द मी दिला होता.

"हिला आडवंतिडवं विचारलं तर अडचण येईल, असं काही आहे का?" वकिलांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. तारीख जवळ आली होती आणि नवं माणूस शोधायचा मला कंटाळा होता.

घरची बाई कचेरीत एकटी जाणार नाही, म्हणून दीर सोबत निघाला. होडीत तो हसत म्हणाला, "आमच्या घरात एवढं काय धन येतं, की सायबाला बघायचंय?" ती पदर ओढून पाण्याकडे बघत राहिली.

तिला शपथ दिली. मग साहेबांनी विचारलं, "दर खेपेला किती गाठी येतात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"दोन," ती म्हणाली.

मागे दीर तंबाखू मळत होता. त्याचा हात थांबला.

परतताना ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली. भरती येईपर्यंत तिथेच अडकलो. काठावर उतरल्यावर दीर तिला हलकेच म्हणाला, "पुढं चाल."

परवाना मिळाला. पुढच्या खेपेला दोन्ही गाठी दाराशी त्यानेच घेतल्या. ती आत अंधारात उभी होती. चेहरा दिसला नाही. गोदीत तिच्या नवऱ्याने परत आलेलं फडकं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ही गाठ कुणी मारली?" मला ठाऊक नाही, असं मी सांगितलं. पुढे त्याने दुसरी गाठ पाठवणं सोडलं. आधी साठवलेलंही दिराच्या हाती गेल्याचं गावात कळलं. खोली झाली नाही.

लेकीचं लग्न होऊन ती सासरी गेली, तरी बाई मिठागरावरच होती. अखेर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला नको सांगू. तिला सांग."

मी बांधावर गेलो. तिने डोक्यावरची पाटी उतरवली नाही.

"तुमी खाली बगलात, तवाच मना कललं," ती म्हणाली.

"वकिलांनी मला विचारलं होतं," मी म्हणालो. "खरं सांगितलं असतं तर त्यांनी तुला उभं केलंच नसतं. मला परवाना हवा होता, म्हणून मी गप्प बसलो. तुझं मुंबईतलं घर माझ्यामुळे झालं नाही. माझं चुकलं, बाई. मला माफ कर."