पट्टीबाईंचे शून्य तास

पट्टीबाईंनी एकतीस वर्षं विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पोरांना रेखाचित्रं काढायला शिकवली. हातात कायम लांब लाकडी पट्टी, म्हणून हे नाव. ते आपल्या पाठीमागे घेतलं जातं हे त्यांना माहीत होतं, आणि आवडतही होतं. या वर्षी वर्ग ऑनलाइन गेला आणि बाईंच्या डोक्याला नुसता ताप झाला.

मुलाने जेवणाच्या टेबलावर सुनेचा लॅपटॉप मांडला, कॅमेरा खाली कागदावर रोखला आणि तो कामावर पळाला. सून त्याच विद्यापीठात दातांचे डॉक्टर घडवते. लॅपटॉपवर तिचंच खातं उघडं राहिलं, हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही. बाई सत्रभर शिकवत राहिल्या. आवाज मध्येच तुटायचा, चित्र गोठायचं. मुलांना दिसायचे फक्त बाईंचे हात, आणि कोपऱ्यात सुनेचा हसरा फोटो. "रेघ ओढताय की केस विंचरताय, दगडांनो?" हे मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू जायचं.

सत्र संपलं आणि ऑनलाइन कक्षातल्या तंत्रज्ञाचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या नावावर शून्य तास आहेत."

"शून्य? अहो, घसा बसला माझा!"

"सिस्टीममध्ये दिसत नाही ना. तास झालेच नाहीत म्हटल्यावर विषय रद्द. त्रेचाळीस मुलांना सत्र पुन्हा करावं लागेल."

तास सगळे सुनेच्या खात्यावर चढले होते. ती म्हणाली, "आई, मी देते ना लिहून." पण नातेवाइकांचं पत्र चालत नव्हतं. मुलांनी पडद्यावर समोरासमोर ओळख पटवायची, तीही आज चारच्या आत. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण आपणच आहोत, हे आता पोरांकडून वदवून घ्यायचं!

पावणेचारला त्या तंत्रज्ञाच्या खोलीत जाऊन बसल्या. शेजारी विभागप्रमुख होते, म्हणून बाईंनी पदर सारखा केला, राग गिळला आणि कधी नव्हे तो मऊ आवाज काढला.

"नमस्कार विद्यार्थ्यांनो. मला ओळखलंत ना?"

पडद्यावरच्या त्रेचाळीस चौकटींतली मुलं डोळे बारीक करून पाहू लागली. शेवटी एक मुलगी अदबीने म्हणाली, "काकू, मॅडम नाही आल्या का आज?"

विभागप्रमुख खोकले. तंत्रज्ञाचा माउस 'नाही'च्या खुणेकडे सरकला.

"थांब रे!" बाई कडाडल्या आणि पडद्याकडे वळल्या. "काकू? अरे दगडांनो, चाळीस तास बोंबलले मी तुमच्यासाठी! दुसऱ्या शीटवरची तुटक रेघ अजून एकालाही धड काढता येत नाही, आणि वर मलाच विचारताय मॅडम कुठे आहेत?"

"मॅडम!" सगळ्या चौकटी एकदम ओरडल्या. दोघातिघांनी तर सवयीने पेन्सिली उचलल्या. ती मुलगी तोंड लपवून हसत सुटली.

"पटली हो ओळख," विभागप्रमुख म्हणाले.

तंत्रज्ञाने 'होय'वर खूण केली. खाली आणखी एक रकाना होता, 'ओळख कशावरून पटली'. तो भरल्याशिवाय सिस्टीम पुढे जाईना. त्याने बाईंकडे भीतभीत पाहिलं आणि टाइप केलं, 'रागावण्यावरून'.

बाईंनी ते वाचलं. त्यांना रडू आलं, आणि त्याचाही त्यांना रागच आला.