सामना होत नाही ते बेट

आमच्या घरात नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. मोठ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा, आणि मोठे घरात नाहीत अशी वेळ तर कधी यायचीच नाही. शेलूबाजारात रस्त्याला लागून सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं, मागे तीन खोल्या. आमची खोली म्हणजे ताग्यांच्या थप्पीपलीकडची जागा. थप्पीच्या अलीकडे सासूबाई झोपत, आणि त्यांची झोप अशी की इकडे बांगडी वाजली तरी तिकडून खोकला यायचा. सत्तर सालानंतर लवकरच मी लग्न होऊन आले. दोन-चार महिन्यांत हे सगळं सैल होईल असं वाटलं होतं. कसलं सैल होतंय.

बोलणं व्हायचं ते आक्कांमार्फत. आक्का माझी थोरली नणंद, ऐन विशीत विधवा होऊन माहेरी परतलेली. ह्यांना सदरा हवा असला की हे म्हणत, "आक्का, माहा सदरा कुठी हाय, विचार तिले." मी चार हातांवर उभी असायची. आक्का मान न वळवता विचारत, "काहून वं, सदरा कुठी हाय?" मी म्हणायची, "सांगा त्यायले, दोरीवर हाय." असा आमचा संसार. आक्का कधी वैतागून म्हणत, "मी काय पोस्टमन हाव का?" पण निरोप कधी गाळला नाही, उलट पदरचं थोडं तिखटमीठ घालूनच पोचवला.

ह्यांना क्रिकेटचं वेड. आम्ही जैन, जेवणं दिवस मावळायच्या आत. ती उरकली की हे रेडिओला कान लावून बसत. एकदा वेस्ट इंडीजमध्ये सामने चालू होते. खरखर इतकी की मला तर कोणी शेंगा भाजतंय असंच वाटायचं. पण ह्यांच्या डोक्यात त्या खरखरीतून भलतंच काही शिरलं. वेस्ट इंडीज हा एक देश नाही, बेटांचा पुंजका आहे, सामना एकेका बेटावर होतो, हे त्यांना कोणीतरी सांगितलं. मग त्यांनी शाळेतला जुना नकाशा शोधून काढला आणि रेडिओशेजारी पसरला.

"आक्का," एका संध्याकाळी हे नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "तिले विचार, समुद्रावर जायचं झालं तं जमैका बरं का त्रिनिदाद?"

मी उंबऱ्याशी डाळ निवडत होते. सासूबाई मंदिरात, सासरे दुकानात. तरीही आक्कांना मध्ये घेतल्याशिवाय तोंड उघडेना. मी म्हटलं, "आक्का, त्यायले सांगा, जिथं गर्दी नसन तिथं."

"जमैका मोठं हाय," हे म्हणाले. "त्रिनिदादले आपल्याकडचे लय लोक हायेत म्हणते. बार्बाडोस लहान हाय, सपाट हाय."

"तिथं शिधा सस्ता भेटते का ते पाय आधी," आक्का मध्येच म्हणाल्या. "अन् कांदा-लसूण नाई असं जेवण कोन देईन तुमाले?"

"केळी असतीन, नारळ असन."

मग मी अशी हुशारी केली की आजही तिचं मला कौतुक वाटतं. म्हटलं, "आक्का, त्यायले म्हणा, ज्या बेटावर सामनाच होत नाई ते पाहा. तिथं गर्दी नसन, अन् खोलीही सस्त्यात भेटन."

हे हसले. लग्नानंतर मी काही बोलले म्हणून ते मोकळं हसले, ती पहिली वेळ. मग कितीतरी संध्याकाळी तोच खेळ. हे ठिपके शोधायचे, ग्रेनाडा म्हणायचे, डॉमिनिका म्हणायचे, आणि मी आक्कांमार्फत खोड काढायची. इथं डोंगर फार, तिथं वादळं फार. मला त्या बेटांचं काही पडलेलं नव्हतं. मला फक्त अशी एक जागा हवी होती जिथं थप्पीपलीकडे कोणी झोपलेलं नाही, जिथं मी ह्यांना सरळ विचारू शकेन की तुम्हाला मी आवडते का. बस, एवढंच. ह्यांनाही मला काही विचारायचं होतं असं मला वाटायचं. काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

खेळातून खरं उभं केलं ते आक्कांनी. एक दिवस सासूबाईंना म्हणाल्या, "पोट्ट्यायले समुद्र पाहू दे ना एकदा. पौषात लग्नं नसतात, दुकानात माश्या मारून राह्यले." मग सासऱ्यांच्या अटी सुरू झाल्या. दीव नावाचं एक बेट आहे, शांत आहे, असं हे कुठूनसं ऐकून आले. सासरे म्हणाले, तिथं उघड दारू मिळते, नाव काढायचं नाही. मुंबईत चौपाटी आहे. पण मुंबईत चुलत सासरे होते, त्यांच्याकडे उतरलो तर इथल्यापेक्षा जास्त माणसं. कोकणात कुठंही जा, मासळी. शेवटी कापडाच्या व्यापारातल्या ओळखीतून अलिबागच्या पुढच्या एका गावात नारळाच्या वाडीतली खोली ठरली. मालक शाकाहारी, भाडं माफक, स्टोव्ह पेटवायला हरकत नाही. आणि शुद्ध स्वयंपाकासाठी, पाणी गाळण्यासाठी, शिवाय जनरीत म्हणून आक्कांनी सोबत जायचं ठरलं.

मी वरवर नाराजी दाखवली नाही. पण मनातून खट्टू झाले. आज सांगते, आक्का नसत्या तर आम्ही गेलोच नसतो, आणि तरीही मी खट्टू झाले होते.

अकोल्यापर्यंत एसटी, मग रेल्वे, मग मुंबईहून लाँच. लाँचमध्ये मला उलट्या झाल्या आणि आक्कांनी ह्यांना ओरडून सांगितलं, "अरे, तिले लिंबू दे." ह्यांनी लिंबू आक्कांच्या हातात दिलं, आक्कांनी माझ्या. शेजारची कोळीण आमच्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का खोलीत आसन घालून बसल्या. म्हणाल्या, "माही सामायिक हाय. हालता येत नाई, बोलता येत नाई. तुमी दोघं जा समुद्रावर. मी उठल्यावर या." सामायिक म्हणजे आमचं एका जागी बसून ध्यान, पाऊण तासाचं. पण आक्का घरी ते पहाटे करत. आज मुद्दाम उन्हं वर येईपर्यंत थांबल्या होत्या. बोलल्या नाहीत, पण मला कळलं, आणि माझा खट्टूपणा कुठल्या कुठे गेला. लुगड्याच्या निऱ्या मी दोनदा सोडून पुन्हा घातल्या.

किनाऱ्यावर कोणी नव्हतं. दूर दोन होड्या आणि एक कुत्रं. मी वर्षभर ज्याची वाट पाहिली होती ते अगदी तसंच समोर होतं. आम्ही वाळूत बसलो, मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून.

मी मनात वाक्य जुळवत होते. तुम्हाला मी. तुम्हाला. तोंडातून काही निघेना. हेही दोनदा खाकरले. लाज म्हणावी तर तीही नव्हती. बोलणं सुरू कुठून करतात तेच आम्हाला येत नव्हतं. पुढे मोठी माणसं गेली, आक्काही गेल्या, घर रिकामं झालं, पण तोवर आमची मुलं निरोप न्यायला शिकली होती. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही वाईट वागलो नाही एकमेकांशी, सुखात राहिलो म्हणावं लागेल. पण त्या माणसाशी माझं बोलायचं राहून गेलं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

त्या सकाळी बऱ्याच वेळाने ह्यांनीच तोंड उघडलं. समुद्राकडे बघत, आमच्यामधल्या मोकळ्या वाळूला म्हणाले, "तिले म्हण, पाय ओले करून ये एकदा."

मी मान खाली घालून त्याच वाळूला म्हटलं, "सांगा त्यायले, तुमीबी चला."

मग आम्ही दोघंही बसून राहिलो, कोणीतरी निरोप पोचवील म्हणून.