अनसाक्का आणि शिडीची पेटी

"नाव इचारलं मास्तर. काम न्हाय इचारलं."

अनसाक्कानं पहिल्याच भेटीत मला सुनावलेलं हे वाक्य. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, कालव्याच्या कडेच्या गावात मी नुकताच शिक्षक म्हणून आलो होतो. आल्या आल्या मतदारयादीचं काम गळ्यात पडलं. पहिल्याच दारात एक उंच, काळीसावळी बाई मशेरी लावत बसली होती. तिनं "कोण तुमी?" म्हटलं आणि मी ऐटीत सांगितलं, "मी नवा मास्तर." त्यावर हे उत्तर. मी निमूट नाव सांगितलं. तिनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता माझं लिवा. अनसूया. अन् लिवल्यावर मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

या हट्टामागचं कारण मला नंतर कळलं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत ती नवऱ्याबरोबर बैलगाडीनं मत द्यायला गेली होती. यादीत तिची नोंद 'नामदेवची बायको' अशी झालेली, आणि अशी बिननावाची नोंद सरकारनं काढून टाकलेली. तिला दारातून परत पाठवलं. "म्या साहेबाच्या म्होरं हुबी," ती सांगायची, "अन् त्यो म्हनतो, बाई, तुमी हितं न्हाईच. मग त्यो बोलत कुनाशी हुता?" हे ती हसत सांगायची, पण दर वेळी शेवटाला तिचा आवाज जरासा चिरकायचा.

त्या दिवशी ती माझ्याबरोबर घरोघर फिरली. बायका दाराआडून बोलायच्या. परक्या पुरुषाला आपलं नाव सांगायची रीत नव्हती. एक म्हणाली, "धाकटीची आई लिवा." आक्का कडाडली, "धाकटी मत देनार हाय व्हय? तुला बारशाला काय म्हनले त्ये सांग!" मग आतून अगदी हळू आवाज आला, "चंद्रभागा." तीन दिवसांत आम्ही गावातली झाडून सगळी बायामाणसं यादीत आणली. ती नावं मी लिहिली खरी, पण तोंडपाठ होती ती आक्काला.

पाटाच्या पाण्यावर तिचं दीड एकराचं माळवं होतं. वांगी, घेवडा, गवार. बारामतीच्या बाजारात ती स्वतः पाटी घेऊन बसायची आणि गिऱ्हाइकाला वांगी निवडू द्यायची नाही. "निवडायची न्हाईत. समदी माझीच हायती." नवरा नामदेव देवमाणूस, म्हणजे कुणी काही म्हटलं की मान डोलवणारा. तो मान डोलवायचा आणि ती उत्तर द्यायची, असा त्यांचा संसार चालला होता.

कालव्याचं पाणी पाळीनं मिळायचं. वरच्या अंगाला हैबतरावांचा मोठा ऊस होता. त्यांची पाळी कधी संपायचीच नाही. एका उन्हाळ्यात खालच्या बायकांचं माळवं वाळायला लागलं, तेव्हा आक्का दहा-बारा जणींना घेऊन पाटाच्या दारावर जाऊन बसली. हैबतरावांच्या गड्यांनी त्यांना ओढून काढलं. चंद्रभागेचा हात मोडला, तो पुढे कायमचा वाकडाच राहिला. हैबतराव बांधावर उभे होते. त्यांनी गड्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या निवडणुकीत आमच्या भागातून हैबतराव उभे राहिले. त्यांच्या पक्षाची खूण घोडा. त्यांच्यासमोर बारामतीचे एक वकीलसाहेब, खूण शिडी. गोड बोलणारा, उजळ माणूस. हात मोडला तेव्हा चंद्रभागेच्या बाजूनं कोर्टात तेच उभे राहिले होते, त्यामुळे बायकांचा जीव त्यांच्यावर. तरी वकीलसाहेबांना एक धास्ती होती, की ऐन वेळी नवरे दटावतील आणि बायका घोड्याकडे वळतील. म्हणून त्यांनी शक्कल काढली. खंडोबाच्या देवळात सगळ्या बायकांना बोलावून त्यांनी बेलभंडारा उचलायला लावला. एकेकीनं तळहातावर भंडारा घेऊन शपथ घेतली, "मत शिडीलाच." सगळ्यांचं झाल्यावर आक्का म्हणाली, "सायेब, आता तुमी."

"मी कशाला? मी तर उमेदवारच."

"म्हनून तर."

वकीलसाहेब हसले, पण त्यांनी भंडारा उचलला. शिडी सोडणार नाही म्हणाले. मी तिथेच खांबाला टेकून उभा होतो.

मतदानाला आठवडा उरला असताना इंदापुरात दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांची बैठक झाली. तिथं ठरलं, की इंदापूरकडे घोडेवाले शिडीला पाठिंबा देतील आणि आमच्याकडे शिडीवाले घोड्याला. माघारीची मुदत केव्हाच उलटली होती, म्हणून कागदोपत्री वकीलसाहेब उमेदवार राहिलेच. पण आता ते स्वतःच गावोगाव सांगत फिरू लागले, की मला मत देऊ नका, हैबतरावांना द्या.

आमच्या गावात ते हैबतरावांना शेजारी बसवूनच आले. चावडीपुढे सभा. पुरुष पुढे, बायका लिंबाखाली, वाकडा हात पदरात घेतलेली चंद्रभागा सगळ्यांत पुढे. वकीलसाहेब तालुक्याच्या भल्याबद्दल, पाण्याबद्दल, एकीबद्दल बोलले. टाळी एकही पडली नाही. मग ते म्हणाले, "अनसाबाई आमच्या जुन्या कार्यकर्त्या. त्यांनी वर यावं आणि भगिनींना दोन शब्द सांगावेत."

आक्का जागची उठली. मी मान खाली घातली. आदल्या दिवशी वकीलसाहेबांचा माणूस माझ्याकडेही येऊन गेला होता. तुमच्या शब्दाला बाई मान देतात, तुम्ही समजवा, म्हणाला. बदलीचाही उल्लेख त्यानं सहज केला. मी हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. आक्काला यातलं काहीही मी सांगितलं नव्हतं. आजही त्याची लाज वाटते.

ती वर चढली नाही. खालूनच बोलली, "सायेब, म्या बायकांस्नी नाव सांगाया शिकिवलं. मत कुनाला द्यायचं त्ये तुमी शिकिवलं, देवाच्या दारात. ज्यानं भंडारा दिला त्यानंच त्यो माघारी घ्यावा. एकेकीच्या हातातनं. मग आमी मोकळ्या."

पुरुषांत चुळबूळ झाली. हैबतराव पुढे झुकून वकीलसाहेबांच्या कानात काही बोलले. वकीलसाहेब हुशार माणूस. त्यांनी देवळातून भंडाऱ्याचं ताट मागवलं, ते घेऊन लिंबाखाली गेले आणि चंद्रभागेसमोर उभे राहिले. "बाई, हात पुढं करा. या ताटात मोकळा करा. दोष माझ्या माथी."

चंद्रभागेनं चांगला हात पुढे केला. सगळी सभा मान वळवून बघत होती. तिनं तो हात वकीलसाहेबांच्या डोळ्यांपुढे धरला आणि मूठ आवळली. तिच्या शेजारणीनं आवळली. मग तिच्या मागचीनं. वकीलसाहेब ताट घेऊन तिसऱ्या-चौथ्या बाईपर्यंत गेले आणि थांबले. ताट एका बाजूला कललं होतं. पिवळी धूळ त्यांच्या पांढऱ्या धोतरावर सांडत होती.

हैबतराव उठले. जाता जाता नामदेवपाशी थांबून त्यांनी शांतपणे सांगितलं, "नामदेवराव, पाटाची दारं आमच्याच अंगाला हायती. घरी जरा ध्यानात आणून द्या." सवयीनं नामदेवची मान डोलली.

मतदानाचा दिवस. केंद्र आमच्याच शाळेत, आणि नावं वाचण्याच्या कामाला मी. त्या काळी चिठ्ठीवर फुली मारायची नव्हती. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याची खूण चिकटवलेली. कोरी चिठ्ठी आपल्या पेटीत टाकायची. सकाळपासून हैबतरावांची माणसं कालव्याच्या पुलावर उभी होती. येईल त्या बाईला ती सांगत होती, "शिडी बसली. तिची पेटी आनलीच न्हाय. उगा चिठ्ठी वाया जाईल, घोड्यावर टाका." बायका शाळेच्या आवारात आल्या खऱ्या, पण रांगेत उभी राहीना एकही. नऊ वाजले, दहा वाजले. पुरुष मतं देऊन जात होते. सकाळी पडद्याआड पेट्या मांडताना मी पाहिल्या होत्या, त्यांत शिडीचीही होती. पण ते बाहेर ओरडून सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं.

मग आक्का आली. बाजारात पाटी ठेवावी तशी आपली सावली माझ्या टेबलावर टाकून उभी राहिली. "वाचा मास्तर."

मी नाव वाचलं. मोठ्यानं. अख्ख्या आवाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तेवढंच माझ्या हातात होतं. बोटाला शाई लागली, चिठ्ठी मिळाली, ती पडद्याआड गेली. बराच वेळ बाहेर येईना. घोड्याचा प्रतिनिधी कुरकुरायला लागला. शेवटी पडदा हलला. ती दारात आली, आवारातल्या बायकांकडे तिनं पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला.

"हाय."

केंद्राधिकारी ताडकन उठले. "बाई, इथं प्रचार करता येत नाही!"

"परचार कुठं केला सायेब? हाय म्हनले. न्हाय म्हनू का?"

ती पायऱ्या उतरायच्या आत रांग लागली. चंद्रभागा पहिली. त्या दिवशी मी बायकांची नावं वाचता वाचता थकलो, आणि इतका आनंद मला नोकरीत पुन्हा कधी झाला नाही.

पाच वाजता पेट्या मोहोरबंद करताना एकेक उचलून द्यायचं काम माझ्याकडे आलं. घोड्याची पेटी हलवली तर आत कागद सळसळले. शिडीची हलवली तर आवाजच येईना. चिठ्ठ्यांना हलायला जागाच नव्हती. मी काहीच न कळल्यासारखा चेहरा केला.

असं आमच्याच गावात झालं नव्हतं. वकीलसाहेबांनी गावोगाव भंडारा उचलायला लावला होता, आणि आता तो खाली ठेवायला कुणी तयार नव्हतं. मला मत देऊ नका म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलेले वकीलसाहेब निवडून आले. हैबतराव पडले.

आठ दिवसांनी वकीलसाहेब हार घेऊन आक्काच्या दारात आले. ती घेवडा निवडत होती. तिनं बसायला घोंगडं टाकलं, चहा दिला, हार मात्र घेतला नाही. "सायेब, तुमाला न्हाय दिलं आमी. शिडीला दिलं. तुमी तिच्यावर हुता, म्हनून वर गेला." वकीलसाहेबांनी चहा संपवला आणि ते गेले. त्यानंतर ते त्या घरी कधी आले नाहीत.

हैबतरावांनी मात्र शब्द पाळला. त्या उन्हाळ्यात आक्काची पाळी कायम शेवटाला आली, आणि तिच्या रानापर्यंत पाणी पोचेतो पाट कोरडा पडायचा. वकीलसाहेबांना तिनं निरोपसुद्धा धाडला नाही. घागरीनं पाणी वाहून तिनं घेवड्याच्या दोन ओळी जगवल्या, वांगी सगळी गेली. त्या साली बाजारात तिची जागा रिकामी असायची. एकदा न राहवून मी विचारलं, "आक्का, पस्तावा होतो का?" तिनं घागर खाली ठेवली. "वांगी पुन्यांदा लावता येत्यात मास्तर," म्हणाली. मग जरा थांबून, "तुमी त्या दिशी नाव लई झ्याक वाचलं हो." माझ्या गप्प बसण्याची सगळी गोष्ट मी तेव्हा तिला सांगून टाकली. ती म्हणाली, "ठाव हाय. तुमच्या तोंडावर लिवलं हुतं." आणि घागर उचलून चालायला लागली.

आक्का गेली तेव्हा माझी बदली दुसऱ्या गावी झाली होती. काही वर्षांनी मी त्याच शाळेत मुख्याध्यापक होऊन परत आलो, आणि यादीच्या दुरुस्तीचं काम पुन्हा गळ्यात पडलं. तिच्या घरी गेलो. हातात लाल पेन्सिल. मयतांची नावं रेघ मारून कमी करायची होती. दारात तिची सून उभी होती. मी मान खाली घालून आक्काच्या नावावर पेन्सिल नेली.

"गुरुजी," सून म्हणाली, "आधी माझं हाय का बघा. अन् मोठ्यानं वाचा."

मी तिचं नाव वाचलं. मग आक्काचंही वाचलं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं, आणि त्यानंतरच रेघ मारली.