दुसऱ्या कागदावरची सही

कन्नड मुलखातल्या आमच्या चामराजपेटच्या घरात सुना यायच्या त्या सांगली-मिरजेकडून. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा चांगलं, पण कन्नड अक्षर वाचता यायचं नाही. त्यामुळे रेशनकार्ड असो की बँक, नवऱ्याने कागदावर बोट ठेवायचं आणि बायकोने तिथे सही करायची, अशी रीतच पडली होती. माझी बायको बी.ए. झालेली. तीही माझं बोट बघून सही करायची.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तिच्या दुसऱ्या बाळंतपणात सिझेरियन करायचं ठरलं. थोरली तेव्हा तीन वर्षांची होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "आणखी मूल नको असेल तर त्याच वेळी नळ्या बांधता येतील. पण आधी तिला विचारा. तिने ठरवायचं."

मी "सरी", म्हणजे बरं, म्हणालो आणि विचारलं नाही. तिला तीन मुलं हवी होती, हे तिने लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. मला दोन पुरे होती. शिवाय ही दुसरीही मुलगी झाली तर आई नातू होईपर्यंत मागे लागणार होती. या दोघींशी बोलायचं म्हणजे वाद, आणि वाद मला जमत नाही.

नर्स दोन कागद घेऊन आली. "स्वल्प बेगा, सार," म्हणत घाई करू लागली. पहिल्या कागदावर मी बोट ठेवलं, बायकोने सही केली. मग दुसऱ्यावर ठेवलं.

"हा कशाचा?"

"असाच. सगळ्यांकडून घेतात."

कळा येत होत्या, तरी तिने सही नीट केली, आडनावासकट.

मुलगीच झाली. पुढे दोन वर्षं आई कुठून कुठून काढे आणायची. "नाक दाबून पी गं. समोरच्या अक्काच्या सुनेला तिसऱ्या महिन्यात गुण आला. तुझंच घोडं कुठे अडलंय कोण जाणे." बायको प्यायची. मी समोर पेपर वाचत बसायचो. एकदा तिने भीत भीत विचारलं, "अहो, तुम्ही तपासून घ्याल का?" मी तपासूनही आलो. रिपोर्ट चांगला होता. तो मी आईला दाखवला.

शेवटी बायको एकटीच जुनी फाइल घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेली. संध्याकाळी परत आली, हातपाय धुऊन भाजी चिरायला बसली.

"विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीत ना?"

"हो."

"आईंना सांगा. आजच. काढा मी आता पिणार नाही."

मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि आईला म्हणालो, "तेव्हा डॉक्टरांनीच परस्पर ऑपरेशन करून टाकलं होतं." आई त्या बाईंना शिव्या देत राहिली. आत विळीचा आवाज थांबला होता.

आई तेच खरं मानून गेली. मुलींनाही आजीकडून तेच कळलं. मागच्या वर्षी जेवताना धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या डॉक्टरवर केस का नाही केलीत?" बायकोने वाढता हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी भात कालवत राहिलो.

त्या बाईंची काही चूक नव्हती. त्यांनी मला तिला विचारायला सांगितलं होतं.